वारा बघून

ऊसतोडणीच्या टोळ्या परत गेल्या की आमच्याकडे धुराचे दिवस येतात. फड मोकळे होतात. सरीसरीतून उसाच्या पाल्याचं गुडघाभर पाचट पडलेलं असतं, वाळून कडकडीत झालेलं, आणि ते पेटवून रान मोकळं करायची प्रत्येकाला घाई असते. पेटवू नका म्हणून सरकारी माणसं सांगून जातात, तरी लोक पेटवतातच. भीमेच्या अलीकडे आमचा दौंड तालुका, पलीकडे शिरूर. दोन्ही काठांवर दिवस कलताना धुराचे खांब उभे राहतात.

पाचट जळतानाचा आवाज मला सोसत नाही. लाकूड कुरकुरत जळतं, पाचट ओरडत जळतं. उसाची राहिलेली पेरं आत फुटतात, फाडफाड, कुणी कुणाच्या तोंडात मारत सुटल्यासारखी. आगीपुढे ससे पळतात, साप पळतात, अंगावर ठिणग्या घेऊन मुंगसं पळतात. बांधावर पोरं काठ्या घेऊन उभी असतात. निघालं की ठेचायचं. लहानपणी मीही ठेचलंय. अर्धवट भाजलेला ससा काठी बसताना माणसाच्या पोरासारखा ओरडतो, हे ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल.

आणि पेटवण्याआधी लोक माझ्याकडे येतात. "आबा, वारा बघा की."

कित्येक वर्षं गावात हीच रीत आहे. मी बांधावर जातो, चिमूटभर माती उचलतो, खांद्याच्या उंचीवरून सोडतो. माती कुठं सरकते ते बघतो. मग सांगतो, वारा जिकडं जातोय त्या कडेला आधी पट्टा जाळून घ्या, म्हणजे आग पुढं जाणार नाही. नाहीतर सांगतो, आज नको. माझा अंदाज चुकत नाही असं गाव म्हणतं. "आबांनी व्हय म्हटलं की डोळं झाकून काडी वढायची." हे कौतुक मी आयुष्यभर ऐकून घेतलं. वय झालं, छातीत कळा येतात, आणि आता त्या कौतुकाबद्दलच लिहायचं आहे.

यंदा हे धुराचे दिवस आणि प्रतीक्षाचा निबंध एकाच वेळी आले. प्रतीक्षा माझी नात, दौंडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इतिहास घेऊन. सरांनी सांगितलेलं, आपल्या गावाचा इतिहास माणसांना विचारून लिहा. महिनाभर ती मोबाईलवर लोकांची बोलणी टिपत हिंडत होती. देवळाचा जीर्णोद्धार, नदीचे पूर, कालवा आला तेव्हाची भांडणं, सगळं तिनं गोळा केलं. मलाही विचारलं, "आबा, लोक जळिताचं साल म्हणत्यात, ते काय होतं?"

मी म्हणालो, "आपलं पाचट पेटवलेलं. वारा फिरला."

तिनं तसंच लिहिलं. मग एका संध्याकाळी ती तपासलेला निबंध घेऊन ओसरीवर आली. त्यात एक वाक्य होतं: 'एके वर्षी पाचटाला आग लागली व ती पसरून बौद्ध वस्तीतील घरे जळाली, त्यानंतर ती कुटुंबे नदीपलीकडे स्थलांतरित झाली.' त्यातल्या 'लागली'भोवती लाल पेनाचं वर्तुळ होतं आणि कडेला सरांनी दोनच शब्द लिहिले होते: 'कर्ता कोण?'

"कर्ता म्हंजी?" मी विचारलं. जसं काही मला व्याकरण येतच नव्हतं.

"वाक्यातला करणारा हो, आबा. सर म्हणले, आग काय आपल्या पायानं चालत आली का? पलीकडच्या लोकांनापण विचार आन् परत लिही. सोमवारी द्यायचंय." मग म्हणाली, "तिकडं दामू आजोबा म्हणून हायेत, जळितातले. फोन लावलाय त्यांना. उद्या जाणारे."

"मी पण येतो," मी म्हणालो. का म्हणालो ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

कर्ता. आमच्या घरात तेव्हा कर्ता म्हणजे थोरले आप्पा, माझे चुलते. एकत्र कुटुंब, मोठी जमीन, गावात शब्दाला वजन. त्यांच्या हुकमाशिवाय आमच्यात कुणी जेवायलाही बसत नसे. जळिताच्या वर्षीची तोडणी मला आठवते ती आमच्या हरण्या बैलाच्या मरणापासून. मी तेव्हा विशीतला. गाडीत बैलाला झेपेल त्याहून जास्त ऊस भरलेला, कालव्याचा भराव चढायचा, आणि मी मागून पराणी टोचत होतो. हरण्याचा पाय सरकला. जू मानेवर उलटं फिरलं. ओला ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज आला आणि तो बसला. एक डोळा खोबणीतून बाहेर लोंबत होता. शेपूट मात्र बराच वेळ हलत राहिली.

मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम गावानं पिढ्यान् पिढ्या वस्तीवर लादलेलं. आप्पांनी निरोप धाडला. उत्तर घेऊन दामू आला. दामू माझा शाळेतला जोडीदार. केडगावच्या शाळेत आम्ही बरोबर चालत गेलो, मॅट्रिकला बरोबर बसलो. त्याच्या आईच्या, सोनाबाईच्या, हातची हरभऱ्याची भाजी मी बांधाआड लपून खाल्लेली. तो वाड्यासमोर धुतलेल्या सदऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, आमच्यातल्या कुणीच आता जनावर वढायचं न्हाई, असं ठरलंय. बैल तुमचा हाय, तुम्ही वढा."

आवाज चढवला नव्हता. तुम्ही म्हणाला होता. आप्पांनी पायातली वहाण काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. दामूनं ओठाचं रक्त मनगटाला पुसलं.

"तरी न्हाई," म्हणाला.

मग हरण्या तिथंच पडून राहिला. आपण ओढला तर आपण हरलो, असं आप्पांचं म्हणणं. गिधाडं तेव्हा होती. ती आली आणि मागच्या बाजूनं आत शिरली. पोट फुगून फुटलं. कुत्री एकमेकांना फाडू लागली. बाया तोंडाला पदर लावून भाकऱ्या थापायच्या आणि ताट पुढं आलं की आम्हाला घासाला तोच वास यायचा. शेवटी आम्ही चुलतभावांनी तांबडं फुटायच्या आत दोर बांधून त्याला ओढलं. ओढताना एक पाय सुटून माझ्या हातात आला. वस्तीतली दोन-चार माणसं नदीवर निघालेली, त्यांनी पाहिलं. कुणी हसलं नाही. आप्पांना मात्र हसू ऐकू आलं, आणि त्या दिवसापासून ते त्यांना ऐकूच येत राहिलं.

पूल झाल्यापासून पलीकडे जायला काहीच लागत नाही. प्रतीक्षाच्या स्कूटीवर मागं बसून मी गेलो. दामू रेल्वेत होता, दौंडला. निवृत्त झाल्यावर नदीकाठच्या आपल्या भाऊबंदांत परत आला. स्लॅबचं घर, दारात शेवगा, आत कोनाड्यात बुद्धाची पितळी मूर्ती. तो अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून डाव्या हातानं शेंगा मोडत होता. उजवा हात मांडीवर पडलेला, कोपरातून बाहेरच्या बाजूला वळलेला.

"ये, बाई," तो प्रतीक्षाला म्हणाला. "आन् ह्यो कोण म्हातारा संगं आणलास?"

"दामू, मी बाळू."

"वळखलं रं. तोंडाची पार चिंच झाली तरी नाक अजून वाड्याचंच हाय." सून आतून पाणी घेऊन आली, तिला म्हणाला, "चहा टाक. पाव्हणा मोठ्या घरचा हाय, बिनसाखरेचा पिणार. साखर कारखान्याला घातली सगळी."

मी म्हणालो, "यायला लई वेळ लागला, दामू."

त्यानं शेंग खाली ठेवली.

"लागला न्हाई," म्हणाला. "तू लावलास."

प्रतीक्षानं मान वर केली. तिला लाल वर्तुळ आठवलं असणार. मला तर ते समोर दिसलंच.

तेव्हापासून मी याच एका शब्दाशी भांडतो आहे. आपल्या भाषेत किती गोष्टी नुसत्या लागतात. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नजर लागते. दामूला नोकरी लागली, असंही आम्ही म्हणायचो, जसं त्यानं त्यासाठी मोडक्या हातानं डावखुरं लिहायला शिकून काही केलंच नव्हतं. लागण्याला हात नसतात. लावायला हात लागतात. दिवा कुणीतरी लावतं, रोप कुणीतरी लावतं, पोरीचं लग्न कुणीतरी लावून देतं. फरक एका अक्षराचा, आणि त्या अक्षराआड आमचं अख्खं गाव दोन पिढ्या सुखानं राहिलं. मी तर त्या अक्षरावर प्रतिष्ठा मिळवली.

दामू मोबाईलकडे तोंड करून सांगायला लागला, रेल्वेच्या साहेबाला जबाब द्यावा तसा. "दिवस बुडत हुता. आई भाकऱ्या करत हुती. आधी धूर आला, मग आवाज, मग आग. छपरं पाचटाचीच. एकापाठी एक भडकली. आम्ही सगळी बाहीर पडलो, आई बी पडली. पर शेळी आत बांधलेली. आई दावं सोडायला माघारी गेली." त्यानं शेंग परत उचलली. "शेळी आली बाहीर. पाठ पेटलेली, वरडत नदीकडं गेली. आई न्हाई आली."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. 

"मी आत जायला निघालो तर मला ह्यानं धरलं," दामू म्हणाला.

प्रतीक्षा घाईनं म्हणाली, "म्हंजे आबांनी वाचवलं ना तुम्हाला. गावात सगळे तेच सांगत्यात. आबांनी मिठी मारून धरून ठेवलं, न्हाईतर दामू बी गेला असता."

दामू हसला. अगदी मोकळं हसला. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून तिच्यापुढं धरला, बाजारात माल दाखवावा तसा.

"वाचवताना कोपर मोडत्यात व्हय, बाई?"

तिनं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा बदलला. ओसरीवर लाड करून घेणारी पोर तिथं नव्हती, प्रश्न विचारायला शिकलेली मुलगी होती. शांतपणे म्हणाली, "आबा, वारा फिरला असं तुम्ही मला सांगितलं. पण वाऱ्याचा तुमचा अंदाज कधीच चुकत न्हाई, असं सगळं गाव सांगतं. माझ्याकडं रेकॉर्डिंग हायेत. मग त्या दिवशी कसा चुकला?"

फौजदारानं हे विचारलं नव्हतं. बायकोनं विचारलं नव्हतं, मुलानं नाही, गावानं नाही. इतकं समोर असलेलं कुणालाच दिसलं नव्हतं, की कुणालाच बघायचं नव्हतं?

"चुकला नव्हता," मी म्हणालो.

त्या अंगणात पुढं जे सांगितलं ते इथंही सांगतो. हरण्याला ओढल्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा मला बांधावर घेऊन गेले. आमचा तो फड गावाच्या कडेपासून थेट वस्तीच्या कुडांपर्यंत पसरलेला. "वारा बघून पेटव," आप्पा म्हणाले. हे शब्द आमच्याकडे प्रत्येक बाप पोराला शिकवतो. त्याचा अर्थ असतो, दुसऱ्याचं काही जळू देऊ नको. आप्पा ते माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाले आणि मला त्यांना हवा होता तो अर्थ बरोबर कळला. मी चिमूटभर माती सोडली. ती वस्तीकडे गेली. मी पट्टा जाळला नाही. बसून राहिलो. वारा जोर धरेपर्यंत बसलो, वस्तीतल्या चुलींचा धूर दिसेपर्यंत, माणसं कामावरून घरी येईपर्यंत बसलो. मग काडी ओढली. ती विझली. मला तिथं थांबता आलं असतं. मी दुसरी ओढली.

आग सरीतून धावली ती कुणी हाकलल्यासारखी. वस्तीतून पाण्याकडे जायच्या वाटेवर आमची माणसं काठ्या-कोयते घेऊन उभी होती, सशांसाठी उभी राहतात तशी. बाया घागरी घेऊन धावल्या, त्यांच्या घागरी फोडल्या. एक म्हातारा हात जोडून पुढं आला, त्याच्या जोडलेल्या हातांवरच काठी बसली. कोयत्याच्या उलट्या बाजूनं पोरांच्या नडग्या फोडल्या. जातीचं नाव घेऊन शिव्या चालल्या होत्या, आणि त्या देणारे काही माझ्याबरोबर शाळेत प्रार्थना म्हणणारे होते. मी त्यांच्यात होतो. मीही दिल्या.

दामू पेटलेल्या दाराकडे धावला तेव्हा आप्पा ओरडले, "धर त्याला!" मी मागून धरलं. तो आईला हाका मारत पुढं ओढत होता आणि मी त्याचा हात पिळत होतो. तो जितकं ओढायचा तितकं मी पिळत गेलो. कोपर गेलं तेव्हा हाताला कळायच्या आधी कानाला कळलं. हरण्याच्या मानेचा आवाज तसाच होता. तरी मी सोडलं नाही. आतून सोनाबाईचा आवाज येत होता तोवर धरून ठेवलं. तो थांबला, मग सोडलं.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. त्यांनी विचारलं, "आग कशी लागली?" उत्तर त्यांच्या प्रश्नातच तयार होतं. मी म्हणालो, "वारा फिरला, साहेब." त्यांनी मान हलवली, वाड्यात चहा घेतला आणि गेले. वस्तीतली माणसं जळलेल्या भांड्यांसकट नावेतून पलीकडे गेली. गावातलं एक माणूस काठावर उभं राहिलं नाही.

माझं बोलणं संपलं तेव्हा चहावर साय धरली होती. मी दामूच्या पायाकडे वाकायला गेलो तर त्यानं पाय मागं घेतले.

"ते नगं," म्हणाला. मग प्रतीक्षाकडे वळला. "चालू हाय ना गं तुझं मशीन? मग झालं. माफी-बिफी मला द्यायची न्हाई, ती आईची हुती, तिच्यासंगं गेली. तू फकस्त हे पुसू नको."

येताना प्रतीक्षानं पुलावरून स्कूटी जोरात घेतली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, पडू नये म्हणून. मधेच तिनं खांदा थोडा पुढं घेतला. मी हात काढून स्कूटीची मागची दांडी धरली.

घरी मुलाला कळायला वेळ लागला नाही. पाहा, पुन्हा तोच शब्द. तिनंच त्याला सगळं सांगितलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आवाज दाबून म्हणाला, "आबा, सोसायटीचं इलेक्शन तोंडावर आलंय. पोरीचं लग्न व्हायचंय. गाडलेली मढी आत्ताच कशाला उकरताय?"

"गाडलं कुठंय?" मी म्हणालो. "वस्तीच्या जागेवर आपण ऊस लावलाय. तुझ्या शिक्षणाची फी त्यातनं गेली."

त्यानं दाराला लाथ मारली. कडी निखळून पडली. त्या लाथेत मला आप्पांची वहाण दिसली, आणि माझा हातही. मग तो मोटारसायकल घेऊन निघून गेला. पोरगी मात्र हलली नाही. निबंध लिहायचा की नाही हे तिला ठरवायचं होतं, आणि त्यासाठी बापाची किंवा माझी परवानगी तिनं मागितली नाही.

रविवारी दुपारी तिनं लॅपटॉप ओसरीवर आणला. मला समोर बसवलं. 'लागली' खोडलं, 'लावली' लिहिलं. मग त्याच्या आधी माझं पूर्ण नाव लिहायला घेतलं. आडनावाशी बोटं थांबली. तेच आडनाव पहिल्या पानावर तिच्या नावापुढं होतं.  ती बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली आणि मग तिनं ते लिहिलं.

"संदर्भात काय घालू?" तिनं विचारलं. "प्रत्यक्षदर्शी?"

"प्रत्यक्षदर्शी दामू. मला तिथं बसवू नको."

तिनं मान डोलवली. पुढं म्हणाली, "दिशा पाहिजे. वारा कुठनं होता?"

"मावळतीकडनं."

"म्हंजे आपल्याकडनं त्यांच्याकडं. त्या दिवशीच तसा होता?"

हे मला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत कधी तोंडानं बोललो नव्हतो. आमच्या भागात वर्षातले बहुतेक दिवस वारा पश्चिमेचा. आणि जुनी वस्ती बघाल तर गावाच्या पूर्वेला. त्यांच्या अंगावरून आलेला वारासुद्धा गावाला शिवू नये, म्हणून ती तिथं ठेवलेली. मी तिला म्हणालो, "गाव बसवणाऱ्यांनीपण वारा बघितलाच होता."

ती ते लिहीत असताना बाहेरून हाक आली. शेजारच्या मळ्यातला पोरगा दारात उभा होता, हातात काडेपेटी. "आबा, हायसा का? पाचट पेटवायचंय. जरा वारा बघा की."

माझा हात सवयीनं जमिनीकडे गेला, माती उचलायला. प्रतीक्षा उठली, दारात गेली.

"आबा आता वारा बघत न्हाईत," ती म्हणाली.

"का गं? काय झालं?"

"सोमवारी वाचायला देते," ती म्हणाली, आणि आत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.